एका हाताने घालायचा शर्ट

२ फेब्रुवारी

टाकलं एकदाचं. मघापासून मी फोन उशीखाली लपवून बसलेय, जसा काही तो ओरडून सांगणार आहे सगळ्यांना.

ताईने आईसाठी केलेल्या शर्टचा पॅटर्न साइटवर टाकला. आजारपणानंतर आईचा डावा हात उचलत नाही. आधी तो बाहीत कोंबावा लागायचा, आई ओठ चावून बसायची. ताईने बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडीच ठेवली आणि कडेला चिकटपट्टी लावली. म्हणजे हात घालायचा नाही, ठेवायचा, आणि वरून झाकायचं. आईचं आई करते, एका हाताने. पहिल्यांदा घातला तेव्हा ती आरशासमोरून हलेना.

साइटवर लोक असे पॅटर्न फुकट टाकतात. दुसरे कुणी ते शिवून बघतात, चुका सांगतात, सुधारून परत टाकतात. कुणी कुणाला ओळखत नाही. ताई सारखी तिथेच असायची. तिचा जुना फोन माझ्याकडे आला तेव्हा त्यात ती साइट उघडीच होती.

ताई गेली त्याला वर्ष झालं. 'पोचले' एवढा एक मेसेज आला, मग नंबरच बंद. कुठे पोचली, तेसुद्धा सांगितलं नाही. पण जिथे असेल तिथे ती साइट बघत असणार, ते तिच्याने सुटायचं नाही. तिला पॅटर्न दिसेल. टाकणाऱ्याचं नाव दिसेल. नाव मी 'टाचणी' ठेवलंय. मला टाचणी घरातलेच म्हणतात.

संस्थेला विचारलं नाही. बाबांनाही नाही.

४ फेब्रुवारी

कुणी बघितलंसुद्धा नाही. बरंच झालं. वाईटही वाटलं.

संस्थेत दिवसभर दोरे कापले. संस्था म्हणजे सायकलच्या दुकानावरची लांबलचक खोली, खिडकीशी मशिनी, मधे बाबांचं कापायचं टेबल. शिवणाऱ्या बायकाच मालकिणी आणि बाबा एकटे पुरुष सभासद, कटर. प्रत्येकीला एक मत, मग ती नवी असो की जुनी. मला मत नाही, अठरा झाल्याशिवाय सभासद करत नाहीत. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी इथे येते. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज फुटायचा नाही, बाई गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. आईला बघायला कुणीतरी हवं होतं हे खरं, पण शाळा सुटली तेव्हा मला हलकं वाटलं हेही खरं. इथे बोलावं लागत नाही. काजं करणारी मावशी मला मांजर म्हणते.

"मांजरे, आलीस कधी? पायात चाळ बांध बाई, दचकायला होतं."

८ फेब्रुवारी

त्या भांडणाबद्दल मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

ताई सभेत म्हणाली होती, "हा पॅटर्न साइटवर टाकू या. जगात किती जणांचा हात असा असेल." अध्यक्षबाई म्हणाल्या, संस्थेचं ते संस्थेचं, उद्या कुणीही उठून विकेल. मतं घेतली. बाबांनी ताईच्या विरोधात हात वर केला. स्वतःच्या मुलीच्या. घरी आल्यावर ताई म्हणाली, "बाबा, परत एकदा विचार तरी करा." बाबा कात्रीला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी एकदा शिवलेलं उसवत नाही."

त्याच आठवड्यात ताई गेली.

ती गुपचूप टाकू शकली असती. टाकलं नाही, कारण मतांत हरली होती. आणि मी टाकलं, जिला मतच नाही.

बाबा तेव्हापासून घरात एकच वाक्य बोलतात. "जेवलीस का?" आधी दोघींना विचारायचे. आता मला विचारतात आणि थोडं थांबतात.

१२ फेब्रुवारी

लोकांनी शिवून बघितला!! एकीने बर्फातून फोटो टाकलाय, एकाने त्याच्या आजोबांना घातलाय. पण सगळ्यांचं म्हणणं एकच, बाही घट्ट होते. कुणी म्हणतं दंडाला, कुणी म्हणतं काखेत. मी टेप घेऊन आईचा शर्ट परत मापला. बरोबर होता. माझं काय चुकलं ते कळेना. मला रडू आलं. काम चुकलं म्हणून नाही. ताईच्या कामाला लोक नावं ठेवताहेत म्हणून.

१३ फेब्रुवारी

कळलं काय चुकलं. एका 'उसवण' नावाच्या माणसाने लिहिलंय:

'टाचणी, यात माया धरलेली नाही. सगळ्या कडांनी चार सूत वाढव. काखेत सहा.'

माया म्हणजे शिवणीपलीकडे सोडायची जादा पट्टी. आमच्या संस्थेत ती कुणी कागदावर काढतच नाही. बाबा खडूने पॅटर्न उतरवतात आणि कात्री आपोआप रेघेच्या बाहेरून चालवतात. ते त्यांच्या हातातच आहे. म्हणून ताईने काढली नाही आणि मीही नाही. बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

पण मला आता झोप येणार नाही, ते वेगळ्याच कारणाने. साइटवर सगळे सेंटिमीटर लिहितात. सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कोण लिहितं? बाबांकडे शिकलेलं माणूस. आणि पहिल्याच मेसेजात 'वाढव'. अनोळखी माणूस 'वाढवा' म्हणेल. आणि नाव उसवण! बाबांना मारलेला टोमणाच की तो.

ताई आहे. ताईच आहे.

१४ फेब्रुवारी

दिवसभर तोंडावर हसू. काजवाली मावशी म्हणाली, "मांजराने दूध प्यायलेलं दिसतंय." आईला सांगावंसं वाटलं. पण खोटं निघालं तर? आईने आधीच ताईचा पलंग दोनदा आवरला आणि दोनदा परत घातला आहे.

१९ फेब्रुवारी

पॅटर्न दुरुस्त करून टाकला. बर्फातली बाई लिहिते, चिकटपट्टी धुऊन धुऊन सुटते, तिने त्याजागी कापडाचे फासे आणि मोठी लाकडी बटणं लावली. अंगठ्याने ढकललं की बसतात. कुणा तिसऱ्याने लहान मुलांचं माप काढलं. चौथ्याने त्याचं चित्र सुबक करून दिलं. कुणी कुणाकडे काही मागत नाही. आम्ही टेबलाभोवती बसून भांडत भांडत करतो, तेच हे लोक एकमेकांचं तोंड न बघता करतात. मला तर हेच बरं वाटतं. तोंड दाखवायला लागत नाही.

आईच्या नव्या शर्टला मी फासे लावले. आई म्हणाली, "हे कुणाच्या डोक्यातून आलं ग?" मी म्हटलं, "एका बाईच्या." आई म्हणाली, "तिला सांग, छान आहे." सांगितलं. बर्फातल्या बाईने हृदयं पाठवली, पाच-सहा.

गंमत म्हणजे, काल उसवणने लिहिलं, कॉलर मागून सूतभर उतरव, म्हणजे मानेला बोचणार नाही. आणि आज सकाळी बघते तर बाबांनी टेबलावर तशीच कॉलर आखलेली, खडूसुद्धा पुसला गेलेला, म्हणजे कालचीच. हुशार माणसांची डोकी सारखीच चालतात. ताई बाबांवरच गेलीय. दोघांनाही ते सांगितलं तर चावतील.

२५ फेब्रुवारी

बाबांचं काय चाललंय कळत नाही. चष्मा बदलून आणला. आणि संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले तर बाबा पाठमोरे उभे राहून फोनवर कुणाला तरी दरडावत होते, "नवीन ओळ. नवीन ओळ! अगं ए, नवीन ओळ म्हटलं ना." मला बघून फोन खिशात घातला.

"कोण होतं?"

"मशीनवाला."

मशीनवाल्याला कुणी अगं ए म्हणतं का? त्यांनी माझ्या हातातले कपडे घेतले आणि म्हणाले, "जेवलीस का?" अजून सहासुद्धा वाजले नव्हते.

२ मार्च

लिहिते आणि पुसते. 'तू ताई आहेस का?' एवढंच लिहायचंय. पाठवायला बोट उचलत नाही. नाही म्हणाली तर? आणि हो म्हणाली तर मी काय बोलू? समोर नसली तरी मला बोलता येत नाही म्हणजे कमालच आहे.

त्याऐवजी विचारलं, 'खिशाला टीप एकेरी की दुहेरी?' उत्तर आलं, 'दुहेरी. माणूस खिशाला लोंबकळतो.' ताईच्या विनोदांना असंच हसू यायचं, उशिरा.

६ मार्च

सगळं उघडं पडलं. अध्यक्षबाई हातात फोन नाचवत आल्या आणि मशिनी बंद करायला लावल्या. आपला नेहमीचा दुकानदार त्यांना म्हणाला की तुमचा शर्ट साइटवर फुकट आहे, मी तो दुसरीकडून शिवून घेतो. परवा सभा. पॅटर्न काढून टाकायचा की नाही, आणि कुणी टाकला.

मला ओरडतील त्याचं काही नाही. पण काढून टाकला तर ताई येईल कुठे? उसवण जाईल कुठे? माझ्याकडे तिचा दुसरा पत्ता नाही.

८ मार्च

सभा झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला खरं वाटायचं नाही.

मी दाराशी स्टुलावर होते, मत नसलेल्यांच्या जागेवर, म्हणजे एकटीच.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "दुकानदार मला तोंडावर म्हणाला, बाई, तुमचा शर्ट फुकट मिळतो."

"शर्ट कुठे, कागद मिळतो," काजवाली मावशी म्हणाली. "त्याला म्हणावं, कागद घालून फिर."

"हसू नका. कुणी टाकलं?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं. हजेरीच्या वेळी व्हायचं तेच झालं, नुसती हवा. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आमच्या घरातून गेलंय."

"थोरलीने?"

सगळ्यांच्या माना हलल्या, बघा, म्हटलं नव्हतं का? ताईवर आलं. तिथे नसलेल्या ताईवर.

"मी," मी म्हटलं.

"मांजर बोललं!" मावशी ओरडली. "पंखा बंद करा ग. परत बोल."

"मी टाकलं. ताईने नाही."

पंखा बंद झाल्यामुळे ते फारच मोठ्याने आलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, का? ताईला दिसावं म्हणून, हे काही मी तिथे सांगू शकत नव्हते. म्हटलं, "त्यात माया धरली नव्हती. लोकांनी सांगितलं." बाबा टेबलावरचा खडू नखाने खरवडत होते.

मग जुंपली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपलं पोट आहे याच्यावर. त्यांची हौस आहे. आणि तिथे कोण कुणाला विचारतं? ना सभा, ना मत. येईल तो कात्री चालवतो."

ओव्हरलॉकवाली वहिनी म्हणाली, "पण फाशांची अक्कल त्यांचीच ना? आपण चिकटपट्ट्याच लावत होतो."

"त्यांना पगार कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग वेडे आहेत का?"

"संस्था काढली तेव्हा मी घरचं मशीन डोक्यावर घेऊन हा जिना चढले," मावशी म्हणाली. "मला पगार कोण देत होतं? तेव्हा शहाणी होते का मी?"

"ते वेगळं. आपण एकमेकींना ओळखत होतो."

"कुठे ओळखत होतो? मी तर तुम्हाला खडूस समजायचे."

"आणि आता?"

"आता ओळखते. आहातच."

अध्यक्षबाईसुद्धा हसल्या, मग रागावल्या. पण हसल्यामुळे रागाची धार गेली होती. मावशी म्हणाली, "माझं ऐका. घरच्या माणसासाठी शिवायचा असेल तर कुणीही शिवावा, फुकट. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या संस्था असतील, त्यांनी विकलासुद्धा तरी चालेल. पण नुसता दुकानदार असेल तर त्याने आधी आपल्याला विचारायचं आणि आपला वाटा द्यायचा. आणि जो कुणी सुधारेल त्याने सुधारलेलं परत तिथेच टाकायचं. लिहून टाका तिथे वरच."

"दुकानदार ऐकेल?"

"आत्ता तरी कुठे ऐकतो?"

मतं घेतली. मी आधी डोळे मिटले, मग उघडले. अर्धे हात वर होते, अर्धे खाली. वहिनी इकडेतिकडे बघून हळूच हात वर करत होती. मग बाबांनी केला. सरळ, कोपर ताठ.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही तर विरोधात..."

"मागच्या वेळी चुकलं," बाबा म्हणाले आणि टेबलाकडे वळून कात्री उचलली. सभा संपलीसुद्धा नव्हती.

एका मताने राहिला पॅटर्न. बाबांना बहुतेक त्या दुरुस्त्या पटल्या असणार. चांगलं काम बघितलं की ते कुणाचं आहे हे विसरतात ते. उसवण कोण आहे हे त्यांना कळलं तर काय म्हणतील!

घरी येताना रस्ता ओलांडायच्या वेळी त्यांनी माझी बाही धरली. लहानपणी धरायचे तशी.

९ मार्च

सभेत बोलले तर आता काय राहिलं? पाठवून टाकलं. 'तू ताई आहेस का?'

११ मार्च

उत्तर आलं.

'नाही.'

एवढंच. पूर्णविरामासकट.

मी दहा वेळा वाचलं. नाहीच म्हणणार ती. रडताना पकडली तरी 'नाही' म्हणायची. पण का कोण जाणे, या वेळी ते 'नाही' खरंच नाही असल्यासारखं वाटतंय.

आज बाबांचंही बिनसलं होतं. कापडाचा अख्खा थर उलट्या बाजूने कापला. इतक्या वर्षांत कधी नाही ते. काजवाली मावशीनेसुद्धा चेष्टा केली नाही. मी ते तुकडे उचलून लहान मुलांच्या मापाला लावून बघितले. बसले. बाबांनी बघितलं, मान हलवली आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

१७ मार्च

पाच दिवस साइट उघडली नाही. उसवणनेही काही लिहिलं नाही.

आई म्हणाली, "तुम्ही दोघं आजारी आहात का?"

२३ मार्च

आज दुपारी उघडली. सगळ्यांत वर एक फोटो. टाकणाऱ्याने नाव लिहिलेलं नाही, शब्द एकही नाही. दाराच्या खुंटीला एक शर्ट लटकतोय, आपलाच, उघड्या बाहीचा. कापड पिवळ्या चौकड्यांचं.

आईच्या पहिल्या शर्टचं कापड. उरलेला तागा ताईने नेला होता. जाताना पिशवीत कोंबला तेव्हा बाबा म्हणाले होते, ते संस्थेचं आहे, आणि मग म्हणाले होते, ने.

मी दोरे, कात्री, सगळं सांडत टेबलाकडे धावले. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी मोठ्याने सांगायचं होतं. पण बाबांच्या हातात त्यांचा फोन होता. त्यावर तोच फोटो होता. चष्मा कपाळावर चढवलेला आणि फोन नाकाशी धरलेला.

मी म्हटलं, "तुम्हाला कसा..."

ते म्हणाले, "मशीनवाल्याने दाखवला."

मशीनवाला गावाला गेलाय.

लवकर घरी आलो. आईला दाखवला. तिने उजव्या हाताने फोन धरला, बोटाने मोठा केला, बराच वेळ बघितला. मला वाटलं रडेल.

"उघडी बाही कुठली आहे?" तिने विचारलं.

मी नीट बघितलं. "उजवी."

"मग हा माझ्यासाठी नाही शिवलेला," आई म्हणाली. "तिच्याजवळ कुणीतरी आहे. उजवा हात गेलेलं." मग म्हणाली, "म्हणजे एकटी नाहीये." आणि फोन परत दिला, पण लगेच पुन्हा मागितला.

बाबांनी कपाटातून ताईचा मूळ कागद काढला, उलटा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. उजेडात रेघा पलीकडून दिसायला लागल्या, सगळं उजवीकडे आलेलं. म्हणाले, "तिने नुसता फोटो टाकलाय. उजव्या बाहीचा कागद नाही टाकला. लोकांना लागेल." मी पेन्सिल आणली. त्यांनी कागद धरला, मी रेघ ओढली. काखेत सहा सूत, त्यांनी सांगायच्या आधीच सोडली.

२४ मार्च

उजवी बाही टाकली.

फोटोखाली सकाळपर्यंत काही नव्हतं. आता बघितलं तर उसवणने लिहिलंय. माप नाही, दुरुस्ती नाही.

'जेवलीस का?'

मी फोन हातात घेऊन तशीच बसले. मग जिना चढून गेले. बाबा गच्चीच्या कठड्याशी पाठमोरे उभे होते, फोन दोन्ही हातांत धरून, कुणीतरी आतून दार उघडेल म्हणून उभं राहावं तसे. मी हाक मारली नाही. मांजराचा एवढा तरी उपयोग, आले तशी गेले.

आईला जेवायला वाढलं. चार ताटं काढली, मग एक परत ठेवलं. बाबा खाली आले, हात धुतले, माझ्याकडे बघितलं.

या वेळी मीच विचारलं. "जेवताय ना?"

"हो," ते म्हणाले. "बसू या."

अजून उत्तर नाही. मी माझा फोन चार्जिंगला लावला. त्यांचा खिडकीच्या चौकटीवर पडला होता, संपत आलेला. तोही लावला.